व्हिएन्ना : आई, लेक आणि मी, पाच दिवस, मोजके पैसे

रानजाई (९ फेब्रुवारी)
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटी आई (६७), लेक (११) आणि मी अशा तिघी पाच रात्री व्हिएन्नाला जायचं म्हणतोय. विमानाचे पैसे दोन वर्षं बाजूला टाकून जमवलेत, ते झालं. तिथलं राहणं, खाणं, फिरणं मिळून तिघींना अकराशे युरोंच्या वर जाता येणार नाही. युरो शंभर रुपयांच्या पलीकडे गेलाय, तेव्हा ही रक्कम आमच्यासाठी लहान नाही.

व्हिएन्नाच का, तर आईमुळे. तिने तीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या शाळांमध्ये इतिहास शिकवला. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपच्या सीमा पुन्हा आखणारी १८१५ ची व्हिएन्ना परिषद आणि तिथला ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निक तिने किती तुकड्यांना शिकवलं असेल! फळ्यावर युरोपचा नकाशा काढायची आणि सीमा खोडून परत आखायची. ते शहर एकदा डोळ्यांनी बघायचं एवढंच तिचं म्हणणं आहे. तिने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

प्रश्न असा : एवढ्या पैशांत ते शहर नीट बघून होईल का? की नुसतंच बाहेरून बघून यावं लागेल? आई पूर्ण शाकाहारी आहे आणि तिचे गुडघे दुखतात. जिने कमी हवेत.

कोरांटी
होईल! आम्ही चौघं गेलो होतो. सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगते. तिथल्या सरकारी संग्रहालयांत १९ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे. कुन्स्टहिस्टोरिशेस (कलेच्या इतिहासाचं), नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय, बेल्वेडेर, अल्बर्टिना, सगळीकडे. लेकीचा पासपोर्ट जवळ ठेवा. शोनब्रुनच्या महालात मात्र मुलांचंही तिकीट लागतं.

टेकाडी_वाट
माझं मत थोडं कडू आहे, राग मानू नका. व्हिएन्ना हे काटकसरीचं शहर नाही. बुडापेस्ट किंवा प्रागला याच पैशांत ऐसपैस राहाल, बसून जेवाल. व्हिएन्नात कुठल्याही चांगल्या गोष्टीचं तिकीट माणशी वीस युरोंच्या वर. आईंना एवढ्या लांब नेऊन महालांच्या फाटकाबाहेरून फोटो काढायचे, यात आनंद कसला? एक तर पैसे साठवून दोन वर्षांनी जा, नाहीतर शहर बदला.

रानजाई
@टेकाडी_वाट, राग नाही. हीच भीती मलाही आहे, म्हणून तर विचारलं. पण दोन वर्षांनी तिचे गुडघे कसे असतील ते माहीत नाही. आणि प्राग तिने शिकवलं नव्हतं.

दुधी_डॅन्यूब
मी मूळ नाशिकची, गेली चौदा वर्षं व्हिएन्नात राहते. टेकाडी_वाट यांच्याशी अजिबात सहमत नाही, आणि सविस्तर लिहिते कारण हे शहर मला फार जवळचं आहे.

या शहरात ज्या गोष्टी एकेकाळी बादशहाच्या होत्या, त्यातल्या कितीतरी आज रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाच्याही आहेत. प्राटर हे हॅब्सबर्ग राजघराण्याचं शिकारीचं रान होतं. बादशहा दुसऱ्या योसेफने १७६६ मध्ये ते लोकांना खुलं केलं. आजही आत जायला पैसे नाहीत, १८९७ च्या पाळण्यात बसायचं असेल तरच तिकीट. शोनब्रुनची मोठी बाग फुकट, वर टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंत. बेल्वेडेरच्या दोन महालांमधली बाग फुकट. फोक्सगार्टनमध्ये मेअखेरीपासून गुलाब फुलू लागतात, तिथे बाकावर तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही. हॉफबुर्ग या बादशाही राजवाड्याच्या चौकांतून तर आम्ही बाजारहाट करून घरी जाताना चालत जातो. फाटकाच्या बाहेर राहण्याचा प्रश्नच येत नाही, कारण फाटकं उघडी आहेत.

आणि पाणी! इथल्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली जलवाहिनी १८७३ ची, दुसरी १९१० ची. रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. एक बाटली बरोबर ठेवा, पाण्यावर एक सेंटही खर्च करू नका. (दुकानातली प्लास्टिकची बाटली किंवा पेयाचा डबा घेतलाच, तर त्यावर २५ सेंट अनामत असते. रिकामी झाल्यावर सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकून पैसे परत घ्या.)

आईंच्या दृष्टीने सांगते. परिषदेची बोलणी जिथे झाली, ती मेटर्निकच्या कार्यालयाची इमारत बालहाउसप्लाट्सवर आहे. आज तिथे ऑस्ट्रियाच्या चॅन्सलरचं कार्यालय आहे. आत सोडत नाहीत, पण समोर उभं राहायला कुणाची आडकाठी नाही. तिथून पाच मिनिटांवर हेल्डेनप्लाट्स. १५ मार्च १९३८ ला हिटलरने जिथून भाषण केलं तो सज्जा तिथेच. एका सकाळी, एका चालीत, सव्वाशे वर्षांचा इतिहास.

सह्यकडा
दुधी_डॅन्यूब, केवढं सुंदर लिहिलंय! वाचनखूण साठवली.

शिळोप्याची_ओटी
पैसे वाचवायचे असतील तर शेजारच्या स्लोव्हाकियात, ब्रातिस्लावात राहा. रेल्वेने तासाभराचं अंतर, हॉटेल बरंच स्वस्त. आम्ही तसंच केलं, शिवाय दुसरा देशही बघून झाला.

दुधी_डॅन्यूब
तरुण असाल तर ठीक. पण रोज जाऊन-येऊन दोन तास गाडीत, वर स्टेशनपर्यंतची पायपीट, आणि दुपारी आईंना पाठ टेकायची झाली तर खोली दुसऱ्या देशात. पाच दिवसांतले दहा तास त्यातच गेले. मी म्हणेन शहरातच राहा, फक्त मध्यावर नको. १०व्या, १२व्या किंवा १६व्या विभागात मेट्रोच्या स्टेशनाला लागून स्वयंपाकघर असलेली खोली बघा. पत्त्यातल्या पिनकोडचे मधले दोन आकडे म्हणजे विभाग : ११०० म्हणजे १०वा, ११६० म्हणजे १६वा.

लिफ्ट आहे ना, हे मात्र लेखी विचारून घ्या. जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर 'होखपार्टेर', मग 'मेत्सानिन', आणि त्यानंतर पहिला मजला सुरू होतो. 'दुसरा मजला' म्हणून घेतलेली खोली प्रत्यक्षात चौथ्यावर निघते.

शिळोप्याची_ओटी
गुडघ्यांचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मान्य.

कोरांटी
+१ लिफ्टबद्दल. माझ्या सासूबाई रोज ९६ पायऱ्या चढल्या. लेकाने मोजल्या होत्या.

घाटमाथा_७२
विमानतळावरून शहरात यायला हिरवी 'कॅट' गाडी दिसेल, खूप पाट्या आहेत तिची. ती घेऊ नका. त्याच स्टेशनातून एस७ ही साधी लोकल सुटते, ती दहाएक मिनिटं जास्त घेते आणि भाडं तिच्या जवळपास एक तृतीयांश. मुख्य स्टेशनजवळ राहणार असाल तर लांब पल्ल्याची रेलजेटही चालते.

मेट्रोला फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही. याचा अर्थ तिकीट नको असा नाही. कागदी तिकिटावर आधीच शिक्का नसेल तर तो निळ्या पेटीत मारून घ्यावा लागतो. साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि दंड शंभर युरोंच्या वर आहे. आमच्या गटातल्या एका काकांनी तिकीट घेतलं होतं पण शिक्का मारला नव्हता, त्यांनाही भरावा लागला.

दिवसाचा पास की आठवड्याचा, हा हिशेब मात्र जाण्याआधी करा. दर आणि नियम बदलत असतात.

दुधी_डॅन्यूब
बरोबर. आणि जुन्या शहराभोवतीच्या रिंगरोडवर पर्यटकांसाठीच्या वेगळ्या गाडीची गरज नाही. १ आणि २ नंबरच्या साध्या ट्राम मिळून रिंगचा बहुतेक भाग दाखवतात, तेही पासावर. १८५७ मध्ये बादशहा फ्रान्झ योसेफने तटबंदी पाडायचा हुकूम काढला, त्या जागेवर हा रस्ता झाला. संसद, नगरभवन, विद्यापीठ, ऑपेरा ओळीने. गुडघ्यांसाठी याहून चांगली सहल नाही.

मारवा_ऐकणारा
ऑपेरा! कुणी लिहिलंच नाही अजून. श्टाट्सओपर या सरकारी ऑपेरागृहात उभ्याने बघायची तिकिटं असतात, 'श्टेप्लाट्स'. खालच्या आसनांना दोनशे युरो मोजलेल्या माणसांच्या पाठीमागे आपण थोडक्या युरोंत उभे. आवाज तोच, गायक तेच. मी गेलो तेव्हा आत गेल्यावर कठड्याला आपला रुमाल किंवा ओढणी बांधली, की जागा राखली जायची. मग बिनघोर फिरून यायचं, कुणी हलवत नसे. मी शास्त्रीय संगीतात वाढलेला माणूस, पाश्चात्त्य गायकीशी संबंध शून्य. पण वरच्या गॅलरीत उभा असताना मायक्रोफोनशिवाय तो स्वर माझ्यापर्यंत आला आणि अंगावर काटा आला. तेव्हाच्या त्या पंधरा युरोंइतका सार्थकी लागलेला पैसा मला दुसरा आठवत नाही.

कोरांटी
६७ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईंना तीन-चार तास उभं करणार? सुचवताना जरा विचार करा हो.

मारवा_ऐकणारा
चूक झाली, मूळ धागा नीट वाचायला हवा होता. मग दोन उपाय. बाजूच्या बॉक्समध्ये मागच्या रांगेत मंच अर्धवट दिसणाऱ्या खुर्च्या स्वस्त असतात, त्या आधी आरक्षित करता येतात. दुसरा उपाय फुकट : एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये आतले बरेच प्रयोग बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात. खुर्च्याही मांडलेल्या असतात. थोडं लवकर जा. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतं, तुम्ही मेमध्ये जाताय हे उत्तम.

मोझार्टच्या वेषात पांढरे टोप घालून तिकिटं विकणारी मुलं चौकात गाठतील. ती ऑपेराची तिकिटं नसतात, पर्यटकांसाठीच्या वेगळ्या मैफलींची असतात. नको म्हणून पुढे चला.

आणि रविवारी सकाळी ११ ला आउगुस्टिनरकिर्शे या चर्चमध्ये प्रार्थना असते, तिच्यात हायडन, मोझार्ट, शुबर्ट या संगीतकारांचे 'मास' (प्रार्थनेसाठी रचलेलं संगीत) वाद्यवृंदासह गातात. तिकीट नाही. ती मैफल नव्हे, पूजा आहे, हे मनात धरून बसायचं. दानाच्या ताटात दोन-चार युरो ठेवा.

तिखटमीठ
खाण्याचं बोलूया. आई शाकाहारी म्हणजे दोन गोष्टी पाठ करा. एक, 'ओने फ्लाइश' म्हणजे मांस नको. दोन, सूप दिसायला निरागस असतं, पण 'फ्रिटाटेनझुपे' म्हणजे धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप, ते बहुतेकदा गायीच्या मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. आमच्या काकू अर्धी वाटी प्यायल्यावर हे कळलं, आणि त्यांचा तो सगळा दिवस वाईट गेला. विचारल्याशिवाय सूप नाही. क्नोडेल म्हणजे उकडलेल्या गोळ्यांमध्येही डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात.

बिनधास्त खाण्यासारखं : केझेश्पेत्सले (चीजमधल्या जाड शेवया, वर तळलेला कांदा), काइझरश्मारन (तुकडे केलेला गोड, जाड धिरड्याचा प्रकार, एका ताटात दोघींचं होतं), आणि मेमध्ये ताजी पांढरी शतावरी. अंड्याचं मात्र आईंना विचारा, या पहिल्या दोन्हींत अंडं असतं.

दुपारी जेवा, रात्री नको. दुपारी बऱ्याच ठिकाणी ठरलेलं 'मिटाग्समेन्यू' असतं, सूप आणि एक पदार्थ, रात्रीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत. २०१८ मध्ये लिष्टेनश्टाइनश्ट्रासेवर मी एका पाकिस्तानी खानावळीत जेवलो होतो, डाळ-भात-भाजी हवं तेवढं घ्या आणि मनाला येईल ते द्या अशी पद्धत. डाळीला घरची चव होती.

सातारचा_पाऊस
पेढे न्यायचे का बरोबर? तिथल्या कुणाला द्यायला.

दुधी_डॅन्यूब
नका आणू. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. पेढे, तूप, चक्का, सगळं त्यात येतं. मेतकूट, भाजणी, लसणीची चटणी, पोहे आणा. (कंदी पेढ्यांची आठवण काढून मला मात्र आज झोप लागायची नाही!)

आणि एक फार महत्त्वाचं : रविवारी आणि सणांना इथली सुपरमार्केट बंद. मे-जूनमध्ये ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या ओळीने येतात, त्यातल्या काही गुरुवारी, एक सोमवारी. कॅलेंडर बघून आदल्या दिवशी दूध-पाव घेऊन ठेवा. अडलंच तर मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात. १६व्या विभागात राहिलात तर ब्रुनेनमार्क्ट ही मंडई जवळ पडेल. तुर्की भाजीवाले, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं आणि नाशमार्क्ट या प्रसिद्ध मंडईपेक्षा पुष्कळ स्वस्त.

घाटमाथा_७२
व्हिसाचंही बघा. शेंगेनचं (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचं) शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. लेक १२ ची व्हायच्या आत अर्ज केलात तर निम्मं लागेल, बोटांचे ठसेही द्यावे लागत नाहीत. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. मुलीचे वडील बरोबर येणार नसतील तर त्यांचं संमतीपत्र तयार ठेवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मेची गर्दी असते, आत्ताच भेटीची वेळ घ्या.

टेकाडी_वाट
वाचतोय. एक विचारतो : कॉफीहाउसात जायचं नाही का? कॉफीला सहा-सात युरो म्हणजे तिघींचे वीस. ते परवडणार नसेल तर व्हिएन्ना बघितलं असं कसं म्हणायचं?

दुधी_डॅन्यूब
जायचं. एकदाच, आणि ऐटीत. तिथे पैसे कॉफीचे नसतात, बसण्याचे असतात. एका मेलांजवर (दूध घातलेल्या कॉफीवर) तीन तास बसा, वेटर पाण्याचा पेला पुन्हा भरून आणतो, बिल मागितल्याशिवाय देत नाही. वर्तमानपत्रं लाकडी दांड्याला लावलेली असतात. २०११ पासून ही पद्धत ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. फक्त बाहेर रांग लागलेल्या दोन-तीन प्रसिद्ध जागा टाळा. रांगेतल्या लोकांकडे बघत निवांत बसता येत नाही. आपल्या मेट्रो स्टेशनाजवळचं जुनं कॉफीहाउस शोधा.

काटकसर म्हणजे सगळ्यालाच नाही म्हणणं नव्हे. आईंसाठी दोन गोष्टी ठरवा ज्यांना पूर्ण पैसे मोजाल. माझं मत, त्यातली एक वरचा बेल्वेडेर. लोक चित्रकार क्लिम्टचं 'चुंबन' हे चित्र बघायला जातात, ते बघाच. पण तिथल्या संगमरवरी दालनात १५ मे १९५५ ला ऑस्ट्रियाचा करार झाला आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर दहा वर्षांनी दोस्त राष्ट्रांच्या चारही फौजा देश सोडून जायला तयार झाल्या. इतिहासाच्या शिक्षिकेला ते दालन दाखवायलाच हवं.

जुनी_पाटी
अवांतर : आईंना सांगा, सुभाषबाबूंचं हे शहर. १९३३ मध्ये उपचारांसाठी ते इथे आले, विठ्ठलभाई पटेलही इथेच होते, दोघांनी मिळून इथूनच संयुक्त निवेदन काढलं. १९३४ मध्ये त्यांच्या पुढे पत्नी झालेल्या एमिली शेंक्ल यांची भेट इथली, आणि कन्या अनिता यांचा जन्म १९४२ चा, इथलाच.

रानजाई
आईला आत्ताच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "विठ्ठलभाई व्हिएन्नात होते हे मला शिकवताना का नव्हतं माहीत?" आणि वही काढून लिहून घेतलं. सगळ्यांचे खूप आभार. परत आल्यावर हिशेब टाकते.

रानजाई (१४ जून)
आलो! शब्द दिला होता, म्हणून आधी हिशेब. १६व्या विभागात लिफ्ट असलेली खोली, पाच रात्रींचे ४६०. फिरणं, विमानतळासह, १०४. वाणसामान ११८, बाहेरचं खाणं १७२. बेल्वेडेर आणि कुन्स्टहिस्टोरिशेसची आमची दोघींची तिकिटं ८० च्या आसपास, लेक दोन्हीकडे फुकट. कॉफी-केक ३१. किरकोळ ४०. एकूण १००५. उरलेल्या पैशांतून आईने तिच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी युरोपचा ऐतिहासिक नकाशा घेतला.

सगळं ठरवल्याप्रमाणे झालं नाही. गुरुवारी सुट्टी होती हे माहीत असूनही आदल्या दिवशी पाव घ्यायला विसरले, सकाळी तिघींनी भाजणीचं थालीपीठ खाल्लं. शोनब्रुनच्या टेकडीवर आई अर्ध्यातूनच परतली, लेक एकटी वर पळाली आणि वरून हात हलवत राहिली. कार्ल्सप्लाट्सच्या वीन म्युझियमचं कायमचं प्रदर्शन फुकट आहे हे तिथे गेल्यावर कळलं, त्यात अख्खी दुपार गेली. तटबंदी असतानाच्या शहराची मोठी प्रतिकृती आहे, आईने ती चारही बाजूंनी फिरून पाहिली.

ऑपेराच्या चौकात पडद्यासमोर खुर्च्या मिळाल्या. नऊनंतर गारठा वाढला, आईने माझी शाल घेतली आणि शेवटपर्यंत उठली नाही.

बालहाउसप्लाट्सला दोनदा गेलो. पहिल्या दिवशी ती काहीच बोलली नाही. शेवटच्या सकाळी पुन्हा जायचं म्हणाली. तिथे तिने लेकीला उभं केलं आणि बोटाने हवेत नकाशा काढत फ्रान्सच्या सीमा कशा मागे नेल्या, पोलंडचं काय केलं, ते सगळं सांगितलं. वीसेक मिनिटं. शाळेतला आवाज लागला होता तिचा, मी तो कित्येक वर्षांनी ऐकला. दारावरचा पोलीस आमच्याकडे बघत होता, पण काही म्हणाला नाही.

टेकाडी_वाट
रानजाई, मी फेब्रुवारीत जे लिहिलं ते मागे घेतो. माझ्या वडिलांनाही इतिहासाचं वेड आहे, ७१ वर्षांचे आहेत. डिसेंबरात न्यायचा विचार करतोय. तिथे जायला जवळचं स्टेशन कुठलं?

रानजाई
यू३ वरचं हेरेनगासे. तिथून पाच मिनिटं, रस्ता सपाट आहे. आई सांगतेय, वडिलांना सकाळी न्या, नऊच्या आत. मोजून चार माणसं असतात.

दुधी_डॅन्यूब
डिसेंबर म्हणजे टोपी-हातमोजे विसरू नका. आणि कळवा, मी येते तिथे. थर्मासमध्ये चहा आणते.